एका हाताला थंडी

सातुर्निना काल्लेच्या विणायच्या सुया म्हणजे सायकलच्या चाकातल्या तारा. तिच्या आईनं त्या दगडावर घासून टोकदार केल्या होत्या, आणि पुढं सातुर्निनाच्या बोटांत फिरून फिरून त्या आणखी बारीक झाल्या होत्या. त्या सुयांवर ती अंगठ्याएवढे स्वेटर विणायची. एवढासा गळा, एवढीशी बाही, बाहीला मनगटाची पट्टीसुद्धा. बघणाऱ्याला वाटावं, चिमणीच्या पिल्लांना कुणीतरी थंडीचे कपडे शिवायला टाकलेत.

हे स्वेटर खेळातले नव्हेत. जानेवारीच्या चोवीस तारखेला आमच्या डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरात आणि खाली ला पासमध्ये चिमुकल्या वस्तूंचा बाजार भरतो. त्या दुपारी बाराच्या ठोक्याला घेतलेली वस्तू वर्षाच्या आत मोठी होऊन घरी चालत येते. घर हवंय त्यानं काडेपेटीएवढं घर घ्यावं. लग्न जमत नसेल तिनं मातीचा कोंबडा घ्यावा. आणि मूल हवं असणारे सातुर्निनाकडे यायचे. "दोन्या सातुकाचा स्वेटर घेतला की आत घालायला बाळ येतंच," असं बाया तिच्या लाडक्या नावानं एकमेकींना सांगत. कितीतरी पोरं तिच्या सुयांवरून या जगात उतरली. स्वतःसाठी मात्र तिनं कधी काही मागितलं नव्हतं. रोज स्वयंपाक करणारीला जेवायचं सुचत नाही, त्यातली गत.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ती चुलीजवळ एकटी बसून आदल्या रात्रीची द्राक्षं खात होती. ती बाराच्या ठोक्यांबरोबर, एकेका इच्छेला एक, अशी खायची असतात. पण सातुर्निनाला रात्री नवालाच झोप लागली होती. फोन वाजला. लेक देलिया, ब्वेनोस आयरेसहून.

"आई, द्राक्षं खाल्लीस का?"

"आत्ता खातेय."

"सकाळी खाऊन काय उपयोग त्यांचा?"

"पोटाला असतो की. तू कधी येतेस?"

"बघू."

"गेल्या वर्षी पण तू बघतच होतीस."

"आई, कारखान्यात शिलाईचं काम असं पडलंय, मान वर करायला सवड नाही."

मग मुलाचा, ग्रोवेरचा फोन आला, खालच्या गरम मैदानातल्या सांता क्रूसहून. त्याचंही तेच. बायको मारिसोलची नोकरी, छोट्या लेकीची, ब्रिसाची बालवाडी, बसभाडं. ब्रिसा फोनवर आली, "आजी" म्हणाली, आणि फोन कुठंतरी टाकून पळून गेली. सातुर्निना बराच वेळ त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत राहिली.

नव्या वर्षात माणसं काय काय ठरवतात. सातुर्निनानं त्या सकाळी दोनच गोष्टी ठरवल्या. एक, यंदा बाजाराचं विणकाम कमी करायचं आणि घरच्या प्रत्येकासाठी आपल्या हातचा एकेक खराखुरा स्वेटर विणायचा. दोन, घरातली सगळी माणसं यंदा एका टेबलाशी बसलेली बघायची. ठरवलं म्हणजे आमच्याकडे नुसतं मनात ठेवून चालत नाही. त्याचं इवलं रूप करावं लागतं. म्हणून तिनं पाच स्वेटर विणायला घेतले. ती स्वतः, ग्रोवेर, मारिसोल, देलिया आणि ब्रिसा.

कुटुंबासाठी असं विणायचं तर धागा मध्ये तोडायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. एक स्वेटर संपला की थोडा धागा मोकळा सोडायचा आणि त्याच धाग्यावर पुढचा सुरू करायचा. दोरीवर वाळत घातल्यासारखे सगळे एकाच धाग्यात. आणि एवढी मोठी मागणी रंगवलेल्या बाजारी लोकरीत करायची नाही. लोकर गावाकडची हवी, हातानं कातलेली.

तशी लोकर घरात एकाच ठिकाणी उरली होती. पलंगाखालच्या पेटीत, लिबोरिओच्या स्वेटरमध्ये.

लिबोरिओ म्हणजे तिचा नवरा. तरुणपणी खाणीत गेला आणि छातीत खाणीची धूळ घेऊन परत आला. जन्मभर खोकला. दोन आखूड आणि एक लांब, असा. गल्लीच्या तोंडाशी तो खोकला ऐकू आला की सातुर्निना सूप तापत ठेवायची. त्याला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माणूस गेला की आठव्या दिवशी त्याचे सगळे कपडे नदीवर धुवायचे आणि तिथंच जाळायचे, म्हणजे वाटेत त्याला ते मिळतात. लिबोरिओचेही जाळले. फक्त तो राखाडी स्वेटर सातुर्निनानं शालीखाली लपवून परत आणला. त्याचा वास होता त्याला. कुणाला सांगितलं नाही.

तिनं पेटी उघडली. स्वेटरची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवली. लोकर सुईला कशी बसते ते बघायला आधी एक नमुना विणून पाहिला. नमुना असाच काहीतरी चौकोनी व्हायला हवा होता. पण बोटांनी आपलं आपण गळा केला, बाह्या केल्या, छातीवर वेड्यावाकड्या रेघांची नक्षी घातली, लिबोरिओच्या स्वेटरवर होती तीच. "नमुना आहे, मग उसवेन," असं ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नसताना माणूस मोठ्यानं बोलतं ते का, ते ज्याचं त्याला माहीत असतं. त्याच धाग्यावर तिनं स्वतःचा स्वेटर सुरू केला. मग ग्रोवेरचा, मारिसोलचा, देलियाचा. सगळ्यात शेवटी, हरभऱ्याएवढ्या गळ्याचा, ब्रिसाचा.

नमुना उसवायचा राहिला.

चोवीस तारखेला बाजारात तिच्या शेजारी नेहमीप्रमाणे बासिलिया बसली होती, समोर निखाऱ्यांची शेगडी घेऊन. बासिलिया म्हणजे आमच्या भागातली जाणती. कोकाची पानं टाकून पुढचं-मागचं बघायची, हरवलेला जीव हाक मारून परत आणायची. सातुर्निनानं तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. बाराची घंटा सुरू झाली तशी लोकांची झुंबड उडाली. घरं, गाड्या, कोंबडे, नोटांच्या चवडी, सगळं धुरावर धरलं जाऊ लागलं. सातुर्निनानं आपली माळ पुढं केली.

"अगंबाई! आज सूर्य कुठं उगवला?" बासिलिया म्हणाली. "तू मागतेस?"

"मागू नये?"

"माग की. इतकी वर्षं लोकांची पोरं विणलीस." तिनं शेगडीत धूप टाकला, वर फुलांच्या पाकळ्या, दारूचे दोन थेंब. मग माळ धरून मोजली. "तुम्ही तर पाच जण. हा सहावा कुणाचा?"

"नमुना आहे तो."

"नमुन्याला कुणी धूप देतं का, कोमाद्रे?"

सातुर्निनानं माळ तिच्या हातासकट धुरावर सरकवली. पाच स्वेटरांवरचा धूर सरळ वर गेला. सहाव्याचा गेला नाही. तो स्वेटराच्या गळ्यातून आत शिरला, दोन्ही बाह्यांतून बाहेर आला आणि धाग्यावरून हळूहळू पुढच्या स्वेटरकडे सरकायला लागला. आत कुणीतरी हात घालतंय अशा त्या बाह्या फुगलेल्या दिसल्या. बासिलियानं झटकन माळ मागं ओढली. पण घंटा वाजून संपली होती.

"गेलेल्यांना त्यांचा दिवस असतो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नोव्हेंबरात एका दुपारी यायचं, दुसऱ्या दुपारी जायचं. आजचा दिवस नुसता येण्याचा. आज बोलावलेल्याला जायची वेळ नसते. काय करून बसलीस?"

"नमुना आहे म्हटलं ना," सातुर्निना चिडून म्हणाली आणि माळ शालीत बांधून घरी आली. फळीवर बसलेल्या मिशाळ एकेकोच्या गळ्यात तिनं ती घातली. या ढेरपोट्या देवाच्या अंगावर आमच्याकडे लोक आपल्या मागण्या लटकवतात. तो दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून हसत होता. नेहमीच हसतो.

मग सगळं येऊ लागलं.

कार्निव्हलच्या आधीच ग्रोवेरचं दुकान बंद पडलं. "दोन आठवड्यांसाठी येतोय आई," म्हणत तो बायकोमुलीला घेऊन आला आणि सामान बघितलं तर गाद्यासुद्धा आणलेल्या. ईस्टरनंतर देलियाचा कारखाना हलला आणि एक दिवस तीही दारात उभी. सातुर्निनाला काय करू आणि काय नको असं झालं. टेबलाला फळी जोडून ते लांब केलं. बटाट्याचं सूप, वाळवलेले काळे बटाटे, मिरचीचं वाटण. भाऊ-बहीण जेवताना भांडायचे.

"ब्वेनोस आयरेसला राहून बोलायला लागलीस बघ कशी! नाकात," ग्रोवेर म्हणायचा.

"आणि तू सांता क्रूसला राहून काय शिकलास? घामेजायला?"

"आई, हिला परत पाठव."

"तूच जा. दोन आठवडे केव्हाच संपले."

सातुर्निना चुलीपाशी उभी राहून पाठमोरी हसायची. जूनच्या कडाक्यात, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, तिनं पहिला संकल्पही पुरा करत आणला. दुकानातून रंगीत लोकर आणून प्रत्येकाचा खरा स्वेटर विणला. ब्रिसाचा लालभडक. पोरीनं तो घातला तो काढेचना.

फक्त एक होतं. मारिसोल टेबल मांडायची तेव्हा बशा सहा व्हायच्या.

"मी पाच मोजून आणल्या होत्या," ती पहिल्यांदा हसून म्हणाली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा तिनं सासूकडे बघितलं. "आई, तुम्ही ठेवता का?"

"मी कशाला ठेवू?"

भिंतीकडच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. का ते कुणी बोललं नव्हतं. एकदा देलिया बसायला गेली आणि उठली. "गरम आहे," म्हणाली. "आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी." ग्रोवेरनं तिची चेष्टा केली, पण तोही तिथं बसला नाही.

आणि सातुर्निना? तिला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत नव्हती. संध्याकाळी सगळे टेबलाशी असले की ती त्या खुर्चीसमोर थोडं सूप वाढायची, मांजराला म्हणून. मांजर त्या बाजूला फिरकायचं नाही. सूप मात्र वाफ न येता थंड व्हायचं, एकदम. आणि तिच्या मनात यायचं, आता खरं सगळं घर भरलं.

मग ब्रिसा खोकायला लागली.

साधा खोकला, एल आल्तोची हवा मैदानातल्या पोरांना बाधतेच, म्हणून ओव्याचा काढा झाला, दवाखान्यात जाऊन औषधाची बाटली आली. एका सकाळी सातुर्निना कपडे पिळत होती. खोलीतून खोकला आला. दोन आखूड, एक लांब. तिच्या हातातून चादर पडली. आत ब्रिसा एकटीच होती. पलंगावर बसून, खालच्या पेटीवर पाय आपटत.

"आजी," पोर म्हणाली, "आजोबांना थंडी वाजते."

ब्रिसानं आजोबांना बघितलं ते एकदाच, शवपेटीत झोपवलेले असताना. तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती.

"कुठं वाजते बाळा?"

"एका हाताला." तिनं आपला उजवा हात कोपरापासून चोळून दाखवला. "म्हणून मी त्यांना देते."

"काय देतेस?"

ब्रिसानं लाल स्वेटरचा हात पुढं केला. उजवी बाही मनगटाच्या बरीच वर आली होती.

"पोर वाढतेय," मारिसोल आतून म्हणाली. "बघता बघता आखूड झाला."

डावी बाही बरोबर मनगटावर होती.

सगळे बाहेर गेल्यावर सातुर्निनानं पेटी उघडली. लिबोरिओचा स्वेटर तिनं ठेवला होता तसाच घडी केलेला होता. फक्त कोपरापाशी उसवलेली बाही पुढं वाढली होती. राखाडी वीण जिथं संपत होती तिथून लाल सुरू होत होती. चार बोटं रुंद, नवी, घट्ट वीण. टाके अगदी तिच्या हातचे.

तिनं ती लाल वीण उसवली, लोकर गुंडाळली आणि ब्रिसाच्या बाहीला परत विणून दिली. दुसऱ्या दिवशी बाही पुन्हा आखूड. पेटीत लाल वीण पुन्हा, आणि या वेळी थोडी जास्त. पोरीचं तोंड उतरलेलं, हात गार. दवाखान्यातले म्हणाले छाती स्वच्छ आहे. पोर खात नव्हती. ताटातलं उचलून भिंतीकडच्या बशीत ठेवायची. ऑक्टोबर लागेपर्यंत ती इतकी हलकी झाली की ग्रोवेर तिला एका हातानं उचलायचा आणि मग उगीचच काहीतरी विनोद करायचा.

सातुर्निना बासिलियाकडे गेली. तिथं तिनं काही लपवलं नाही. पेटी, स्वेटर, नदीवरून चोरून आणला ते, सगळं सांगितलं.

बासिलियानं पानं टाकली, बघितली आणि गोळा केली. "तो वाईट नाही गं. बोलावलंस म्हणून आला. पण त्याची बाही तू उसवून घेतलीस आणि त्यातच त्याला अडकवलंस. तो उघड्या हातानं तुझ्या घरात बसलाय. पोर मायाळू. देते."

"तर माळ तोडून टाकू?"

"तोडलीस तर कुणाचं काय तुटेल, मी सांगू शकत नाही. त्याची लोकर त्याला परत दे. बाही पुरी कर. नोव्हेंबरात त्याला जायची वेळ आहे, दुसऱ्या दुपारी बाराला. तीन वर्षं गेलेल्याचं जेवणाचं पान मांडायचं असतं, यंदाचं तिसरं. तेव्हा सुटला तर सुटला."

वीण उसवते ती शेवटच्या टाक्यापासून, सुरुवातीकडून नाही, हे सातुर्निनाला सांगायला नको होतं. लिबोरिओचा इवला स्वेटर धाग्याच्या सुरुवातीला. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी सगळे उसवायला हवे. आणि सगळ्यात आधी ब्रिसा.

"तिचा उसवला आणि तिला काही झालं तर?"

"न उसवता काय होतंय, ते बघतेयस ना?"

"आणि सगळी परत निघून जातील, कोमाद्रे."

"जातील," बासिलिया म्हणाली. "बसनं जातील. तशी माणसं बसनं परत पण येतात."

मृतांच्या दिवसाला टेबलावर काळं कापड घातलं. पावाच्या बाहुल्या, पावाची शिडी, ऊस, कांद्याची पात, त्याला आवडायचं ते शेंगदाण्याचं सूप. लिबोरिओचा फोटो भिंतीकडच्या खुर्चीसमोर. पहिल्या दुपारी बारा वाजता सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. नेहमी त्या वेळी दारातून वारा आत येतो, कापडाचं टोक हलतं, आणि आलं माणूस असं आपण समजतो. यंदा काहीच हललं नाही. आत यायला बाहेर कुणी नव्हतंच.

दुसऱ्या सकाळी न्याहारी झाल्या झाल्या सातुर्निना टेबलाच्या टोकाशी बसली. समोर लिबोरिओचा स्वेटर. लाल वीण तिनं शेवटची उसवली आणि लोकरीची गुंडाळी करून एप्रनच्या खिशात टाकली. कोपरापासचे राखाडी टाके सुईवर उचलले. एकेकोच्या गळ्यातली माळ काढली.

"आई, हा बाबांचा?" ग्रोवेरनं विचारलं. "हा जाळला होता ना?"

"नव्हता जाळला. आता कुणी उठू नका. मला बाराच्या आत संपवायचंय."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, कुणी उठलं नाही. ब्रिसा देलियाच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेली, डोळे अर्धे मिटलेले. सातुर्निनानं तिच्या चिमुकल्या स्वेटरचं टोक सोडवलं आणि ओढलं.

धागा कुरळा होऊन बाहेर आला आणि सरळ तिच्या सुईवर गेला. ब्रिसाच्या स्वेटरातून निघायचा आणि लिबोरिओच्या बाहीत जायचा. आपण पोरीला मेलेल्याच्या अंगावर विणतोय, असा विचार तिच्या मनात आला. गळा गेला. एक बाही गेली. ब्रिसाचा खोकला थांबला.

"झोपली वाटतं," देलिया म्हणाली. मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, "आई, ही फार गार लागतेय."

"घट्ट धर."

"आई, श्वास—"

"धर म्हटलं ना!"

मारिसोल उठली, खुर्ची पडली. सातुर्निनानं मान वर केली नाही. वर बघितलं तर हात थांबतील, हे तिला कळत होतं. ती ओठ चावत, ओळीमागून ओळ विणत राहिली. छाती गेली. खालची पट्टी गेली. शेवटचा टाका सुटला आणि दोन स्वेटरांमधला मोकळा धागा तिच्या बोटांतून सरकला.

ब्रिसानं पाण्यातून डोकं बाहेर काढल्यासारखा श्वास घेतला. डोळे उघडले. "पावाची बाहुली माझी," म्हणाली, "तिचे पाय मी खाणार."

मारिसोल रडत होती आणि बाहुलीचे पाय मोडून देत होती. सातुर्निनानं नुसतं नाक पुसलं आणि देलियाचा उसवायला घेतला. त्याच्या मध्येच देलियाचा फोन वाजला. नवा कारखाना, जुनी मालकीण, येतेस का म्हणून. मारिसोलचा आणि ग्रोवेरचा उसवताना ते दोघे सांता क्रूसच्या खोलीच्या भाड्याबद्दल कुजबुजत होते. सातुर्निनानं स्वतःचा उसवला तेव्हा काहीच झालं नाही. फक्त तिचे खांदे दुखायचे थांबले.

राहिला सहावा. तो उसवेना. टोक ओढलं तर वीण आणखी आवळायची. बाहीला फक्त मनगटाची पट्टी उरली होती. बाहेर गल्लीत लोक दफनभूमीकडे निघाल्याचे आवाज येऊ लागले.

सातुर्निनानं सुई खाली ठेवली आणि भिंतीकडच्या खुर्चीकडे बघितलं. घरातल्या सगळ्यांसमोर, लाज न बाळगता, ती बोलली.

"लिबोरिओ, नमुना नव्हता तो. मला तूच हवा होतास. पोरं तर मी नंतर विणली. ऐकलंस? आता जा. बाही मी पुरी करून देते. तुला थंडीत पाठवणार नाही."

खुर्ची थोडीशी करकरली. धागा सैल पडला आणि एकेक टाका आपणहून सुटत तिच्या हातात येत गेला, तिच्या सुईपेक्षा जलद. तिनं पट्टी विणली. टाके बंद केले. घंटेचा पहिला ठोका पडला तेव्हा ती धाग्याचं टोक आत दडवत होती.

मग गल्लीतून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. घरातून नाही, दाराबाहेरून. परत आला, जरा लांबून. मग कोपऱ्यावरून. ग्रोवेरनं टोपी काढून छातीशी धरली.

त्याच दुपारी सगळे नदीवर गेले. स्वेटर धुतला, पिळला, जाळला. ओला असूनही तो कागदासारखा पेटला.

आठवड्यात घर रिकामं झालं. आधी देलिया, मग बाकीचे. बसमध्ये चढताना ब्रिसा भाजलेला मका खात होती आणि भांडत होती, खिडकी तिलाच हवी होती. घाईत सातुर्निनाला खिशातली लाल गुंडाळी आठवली ती बस सुटल्यावर. पोर आखूड बाहीनंच गेली. तिनं गुंडाळी खिशातच राहू दिली.

नव्या वर्षाच्या सकाळी ती पुन्हा चुलीजवळ द्राक्षं खात होती. टेबलाची जादा फळी काढून भिंतीला लावली होती. देलियाचा फोन येऊन गेला होता. ती कार्निव्हलला येणार, तिकीट काढलंय म्हणत होती. मग मारिसोलचा आला.

"आई, इथं घामाच्या धारा लागल्यात आणि ही पोर तो लाल स्वेटर काढायला तयार नाही."

"खोकला?"

"अजिबात नाही. पण मी विचारणार होते, तुम्ही त्याची बाही कधी दुरुस्त केलीत? आज बघते तर पुरी मनगटापर्यंत आलीय. पण पट्टी राखाडी का लावलीत? लाल नव्हती का उरली?"

सातुर्निनानं एप्रनच्या खिशात हात घातला. लाल गुंडाळी तिथंच होती.

"आई? ऐकताय ना? बरी नाही दिसत. उसवून लाल लावून घेऊ का?"

दारातून जरा वारा आला. सातुर्निनाला आपला उजवा हात चोळावासा वाटला, कोपरापासून खाली, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

"नको," ती म्हणाली. "त्यानं आपल्या बाहीतली काढून दिलीय. उसवू नकोस."